शॅलचं देणं, विलची मर्जी

१६५३ साली ऑक्सफर्डमधल्या भूमितीच्या एका प्राध्यापकाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, आणि लिहिलं लॅटिनमध्ये. जॉन वॉलिस त्याचं नाव. गणिताच्या पुस्तकांत अनंतासाठी आडव्या आठाचं जे चिन्ह येतं, ते त्याने दोनच वर्षांनी, १६५५ मध्ये, पहिल्यांदा वापरलं. त्याआधी इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या पक्षाची सांकेतिक पत्रं फोडून देण्याचं काम तो संसदेसाठी करत असे. गुंत्यात दडलेली पद्धत शोधून काढायची त्याला सवय होती. इंग्रजीतली धर्मविषयक पुस्तकं वाचू पाहणाऱ्या परदेशी विद्वानांसाठी त्याने हे व्याकरण केलं आणि त्यात ‘शॅल’ व ‘विल’ या दोन सहायक क्रियापदांबद्दल एक नियम सांगितला. प्रथमपुरुषी शॅल आलं की पुढे होणारी गोष्ट नुसती सांगितलेली असते. विल आलं की वचन तरी असतं किंवा धमकी तरी. द्वितीय आणि तृतीय पुरुषात हे बरोबर उलटतं. तिथे विल नुसतं सांगतं आणि शॅल वचन देतं किंवा धमकावतं.

मराठी शाळांमध्ये इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी यातला अर्धा भाग घोकला. ‘आय’ आणि ‘वुई’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. काळांचा तक्ता फळ्यावर आला की भविष्यकाळाच्या रकान्यात हे दोघे असे वाटून दिलेले असायचे, आणि का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: नियम आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे हे दोघे जागा बदलतात तेव्हा काय होतं, बहुतेकांपर्यंत पोचलाच नाही. गंमत अशी की जो अर्धा आपण पाठ केला तो इंग्लंडमध्ये कधी नीट रुजलाच नव्हता, आणि जो सोडून दिला तो आज कायद्याच्या पुस्तकांपासून सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांपर्यंत ठणठणीत आहे. हे असं का झालं ते पाहायला वॉलिसच्याही बरंच मागे जावं लागतं.

इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली, त्या कुळात भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं. क्रियापद एक तर भूतकाळी, नाही तर भूतकाळी नसलेलं. बाकीचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे जाईन-जाशील-जाईल अशी सगळी भविष्यरूपं जय्यत तयार असतानाही आपण ‘उद्या येतो’ म्हणून वर्तमानात निरोप घेतो आणि कोणी हाक मारली तर जागचं न हलता ‘आलोच’ म्हणून थेट भूतकाळात उत्तर देतो. इसवी सन १००० च्या सुमारास आल्फ्रिक नावाच्या इंग्रज धर्मगुरूने मुलांना लॅटिन शिकवायला व्याकरण लिहिलं, तेव्हा लॅटिन भविष्यकाळाचा अर्थ द्यायला त्याच्या भाषेत जागाच सापडेना. त्याने साधं वर्तमानकाळी रूप घेतलं आणि त्याला ‘अजून आज किंवा उद्या’ अशा अर्थाचं शेपूट जोडून वेळ मारून नेली.

ही रिकामी जागा भरायला पुढे दोन उमेदवार आले. दोघांनाही आधीचा धंदा होता.

शॅलचा धंदा उधारीचा. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘देणं लागणं’. बायबलमधल्या लबाड कारभाऱ्याच्या दृष्टान्तात तो कारभारी धन्याच्या कुळांना एकेक करून बोलावतो आणि कोण किती देणं लागतो ते विचारतो. जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे हेच क्रियापद आहे, दुसरं कुठलंही क्रियापद सोबतीला न घेता, एकटं. देणं लागतो म्हणजे ते फेडलं पाहिजे. फेडलं पाहिजे म्हणजे ते करणं भाग आहे. आणि भाग आहे ते पुढे होणारच, असा हा उतार. मराठीतलं ‘लागणं’ वेगळ्या वाटेने का होईना, पण याच मुक्कामी आलेलं आहे: तुझे शंभर रुपये देणं लागतो, आणि उद्या बँकेत जावं लागेल. जर्मन भाषेत शॅलचा भाऊबंद ‘झोलन’ अजून कर्तव्याचंच काम करतो, आणि त्याच मुळातला ‘शुल्ड’ हा शब्द कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ बाळगून आहे. नीत्शेने १८८७ च्या आपल्या ग्रंथात अपराधाच्या भावनेचा उगम सावकार-ऋणकोच्या नात्यात शोधला, तो या शब्दाच्याच आधाराने.

विलचा धंदा इच्छेचा. हवं असणं, मनात असणं, राजी असणं. जर्मनमध्ये ‘इश विल’ म्हणजे आजही ‘मला हवंय’. इंग्रजीवरून जर्मनकडे वळणारा विद्यार्थी तिथे भविष्यकाळ समजून बसतो आणि पहिली ठेच खातो. इंग्रजीतही हा अर्थ कुठे गेलेला नाही. विलपॉवर आपण मराठीत सहज म्हणतो; घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘विल केलं’ असंही म्हणतो, आणि ते मृत्युपत्र म्हणजे माणसाची शेवटची इच्छाच असते. चर्चमधल्या इंग्रज लग्नविधीत वराला आणि वधूला विचारलं जातं ते विल वापरून, आणि उत्तरही विलनेच द्यायचं असतं. लग्न होईल की नाही याचा अंदाज तिथे कोणी विचारत नसतं.

दोन्ही शब्दांत एक खोड सारखी आहे, जी शाळेत सगळ्यांना खटकते. ‘ही गोज’ होतं, मग ‘ही शॅल्स’ का होत नाही? शॅलच्या बाबतीत कारण सरळ आहे: हे रूपच मुळात भूतकाळी घडणीचं आहे. फार पूर्वी ते घडून गेलेल्या गोष्टीचं रूप होतं, मग त्याचा अर्थ वर्तमानात सरकला, पण अंगावरचे कपडे जुनेच राहिले. भूतकाळी रूपाला तृतीयपुरुषी ‘एस’ लागत नाही, म्हणून यालाही लागत नाही. विलची कहाणी थोडी वेगळी; ते इच्छार्थी रूपातून आलं. मूळचं भूतकाळी रूप वर्तमानासाठी वापरून टाकल्यामुळे शॅलसाठी नवा भूतकाळ बनवावा लागला, तो म्हणजे ‘शुड’. देणं लागत होतो वरून करायला हवं आणि तिथून नुसता सल्ला, इतका तो निवळला. आणि ‘वोन्ट’मधला तो अनपेक्षित ‘ओ’ मधल्या काळातल्या ‘वोल’ या रूपातून आलेला आहे.

भविष्यकाळाच्या गादीवर आधी शॅल बसलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या प्रेरणेने लॅटिन बायबलचं इंग्रजीत भाषांतर झालं, तेव्हा भाषांतरकारांनी एक शिस्त पाळली: लॅटिन भविष्यकाळ दिसला की शॅल, आणि लॅटिनमध्ये ‘इच्छिणे’ हे क्रियापद दिसलं की विल. शाळांतल्या भाषांतरातही हाच पायंडा पडला. त्यामुळे पुस्तकी इंग्रजीत शॅलचा रुबाब वाढला आणि दहा आज्ञांच्या दारावर तर ते पहारेकऱ्यासारखं उभं राहिलं. बोलण्यात मात्र विल पसरत होतं. ते साहजिकही होतं. माणसं आपल्या बेतांबद्दल, मर्जीबद्दल जितकं बोलतात तितकं डोक्यावरच्या कर्तव्यांबद्दल बोलत नाहीत, आणि बेत सांगता सांगता भविष्य सांगणं आपोआप होतं.

शेक्सपिअरच्या काळात हे दोघे शेजारी शेजारी नांदत होते आणि तृतीयपुरुषी शॅलमधली हुकमाची धार लोकांना स्पष्ट ऐकू येत होती. १६०८ च्या सुमाराच्या ‘कोरायोलेनस’ नाटकात एक अख्खा खटका या एका शब्दावर उडतो. सिसिनियस हा रोमन जनतेचा प्रतिनिधी सरदार कोरायोलेनसबद्दल एक वाक्य बोलतो आणि त्यात शॅल वापरतो. कोरायोलेनस पेटतो. हा कोण टिकोजी आमच्यावर शॅल चालवणारा, ऐकलंत का ते शॅल, असं तो बाकीच्या सरदारांना पुन्हा पुन्हा बजावतो. विल असतं तर त्या वाक्यात नुसता अंदाज उरला असता आणि प्रसंग उभाच राहिला नसता. व्याकरणकारांनी नियम छापायच्या आधीचा हा पुरावा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्यावर पिटातल्या प्रेक्षकाने दाद द्यायची होती.

वॉलिसने नियम मांडला तो या पार्श्वभूमीवर. पहिला तोच नव्हे. १६२२ मध्ये लंडनच्या जॉर्ज मेसन नावाच्या व्यापाऱ्याने फ्रेंचांसाठी लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात या फरकाची सुरुवात दिसते. दोघांचाही वाचक परदेशी होता हे लक्षात घेण्याजोगं आहे. घरच्या माणसाला हे कोणी शिकवत नव्हतं. नियमामागे तर्कही आहे, आणि तो फालतू नाही. माझी इच्छा माझी मला ठाऊक असते, म्हणून मी विल म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यात माझा निर्धार ऐकू येतो. नुसतं होणारं सांगायचं तर मला शॅलकडे वळावं लागतं, परिस्थितीच्या हाती दिल्यासारखं. दुसऱ्याबद्दल बोलताना शॅल वापरलं तर मात्र त्याच्यावर कर्तव्य लादणारा कोण, तर बोलणारा मी. म्हणून सभ्यपणे त्याला विल द्यायचं, त्याच्या मर्जीवर सोडायचं. सिंड्रेलाला तिची परी शॅल वापरून सांगते की तू नाचाला जाशील, तेव्हा ते वचन असतं, आणि शब्द पाळायची जबाबदारी परीची असते. प्रश्नांत ही बाजू फिरते. ‘शॅल आय’ म्हणून मी विचारतो तेव्हा मर्जी समोरच्याची असते.

तर्क असा चोख असला तरी बोलणारे त्यात बसत होते का, हा प्रश्न वेगळा. तृतीयपुरुषाच्या बाजूला कोरायोलेनस साक्षीला आहे. प्रथमपुरुषाच्या बाजूला तितका खणखणीत साक्षीदार नाही. एका बाजूला असं तर दुसऱ्या बाजूला बरोबर तसं, ही सममिती गणिती डोक्याला मोह पाडणारी होती, आणि वॉलिसने त्या मोहापायी प्रथमपुरुषाची बाजू जरा जास्तच घासूनपुसून घेतली, असा माझा संशय आहे.

परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेली ही सूचना पुढच्या शतकात घरच्यांनाच लागू झाली. १७५५ च्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने शॅलचा अर्थ समजावणं सोपं नसल्याचं कबूल केलं आणि परदेशी व खेडवळ माणसं ते विलशी घालमेल करतात असा शेराही मारला. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने, जो पुढे लंडनचा बिशप झाला, आपल्या छोट्या व्याकरणात नियम इंग्रजीतून मांडला. १७९५ मध्ये लिंडली मरे या अमेरिकेत जन्मलेल्या आणि यॉर्कला स्थायिक झालेल्या वकिलाने तो आपल्या शालेय व्याकरणात घेतला, आणि त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. आता तो नियम राहिला नाही, जातपडताळणी झाली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये सर्रास विल चाले. लंडनच्या बैठकीत बसू इच्छिणारा स्कॉट विद्वान आपल्या बोलण्यातले ‘स्कॉटपणे’ वेचून काढायच्या मागे असे. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही १७५२ मध्ये तशी यादी छापली होती.

याच वातावरणातला तो बुडणाऱ्या माणसाचा विनोद. माणूस कधी आयरिश, कधी स्कॉट, कधी फ्रेंच, सांगणाऱ्याच्या सोयीने. तो नदीतून ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी.’ त्याला म्हणायचं असतं की मी बुडतोय, मला वाचवायला कोणी नाही. काठावरचे व्याकरणशुद्ध इंग्रज ऐकतात की मी बुडणारच, मला कोणी वाचवायचं नाही. आणि त्याच्या इच्छेचा मान राखतात. पिढ्यान् पिढ्या हा विनोद वर्गात नियम ठसवायला सांगितला गेला. विनोदातला मेलेला माणूस शिक्षकांच्या कधी लक्षात आला नाही. नियम इतका उघड असता तर वर्गातल्यांना तो बोध व्हायला विनोदाची गरज पडली नसती.

एकोणिसाव्या शतकात या दोन शब्दांवर स्वतंत्र पुस्तक निघालं. लेखक सर एडमंड हेड, त्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर जनरल. कॅनडाची राजधानी ओटावाला न्यावी असा सल्ला राणीला देणारे तेच. राज्यकारभार सांभाळून त्यांनी १८५६ मध्ये शॅल-विलवर दोन प्रकरणांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध केला. मग १९०६ मध्ये फाउलर बंधूंचं ‘द किंग्ज इंग्लिश’ आलं. हे दोघे गर्न्सी बेटावर राहत, धाकटा तिथे टोमॅटो पिकवायचा. शॅल-विलला त्यांनी पानंच्या पानं दिली आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की दक्षिण इंग्लंडातल्या माणसाला हे उपजतच जमतं, पण जो त्यात जन्मला नाही त्याला ते शिकणं जवळपास अशक्य आहे. ज्यांना येतं त्यांना पुस्तक नको आणि ज्यांना येत नाही त्यांना पुस्तकाचा उपयोग नाही, असं म्हणून पुढे इतकी पानं लिहिणं ही चिकाटी थोरच.

१९२५ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी वादात न पडता मोजदाद केली. सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी नाटकं घेतली, कारण बोलण्याच्या जवळ जाणारा जुना मजकूर नाटकांतच सापडतो, आणि पुरुषागणिक शॅल किती, विल किती ते मोजलं. निष्कर्ष व्याकरणाच्या पुस्तकांना अडचणीचा होता. वॉलिसच्या आधी आणि वॉलिसच्या नंतरही, प्रथमपुरुषातसुद्धा विलचंच पारडं जड होतं. तक्त्यात सांगितलेलं बोलणं नाटकांतल्या इंग्रजांनी कधी सलगपणे बोललेलंच नव्हतं. त्यात ‘आय’च्या पुढे चिकटणारा ‘एल’ हा आखूड प्रकार, ज्यात शॅल की विल हे ऐकून कळतच नाही. भाषेने तो वाद केव्हाच गिळून टाकला होता.

आपल्याकडे मात्र तक्ता ताजाच राहिला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले पी. सी. रेन, जे पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने जगभर गाजले, आणि एच. मार्टिन या दोघांचं हायस्कूल व्याकरण मुंबईहून निघालं आणि देशभरच्या शाळांत बायबलच्या इतमामाने वापरलं गेलं. त्याच्या अलीकडच्या सुधारित आवृत्तीत आता सगळ्या पुरुषांना विल वापरण्याकडे कल वाढल्याचं नमूद आहे; पण शिक्षकांनी पाठ केलेली असते ती त्यांच्या लहानपणची आवृत्ती. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ घेऊन जे इंग्रजी शिकले त्यांचं शॅलही असंच टणक. त्यातून आपल्या अर्जांतलं ते अजरामर वाक्य आलं, ज्यात अर्जदार शेवटी ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’ म्हणून सही करतो. व्युत्पत्तीच्या नजरेने पाहिलं तर यात कर्ज दोनदा काढलेलं आहे: शॅल म्हणजे देणं लागणं आणि ऑब्लाइज्ड म्हणजे बांधला गेलेला. एका दिवसाच्या रजेसाठी हा बोजा जरा जास्तच.

बोलण्यातून शॅल ओसरत गेलं तसं उरलेल्या शॅलचं वजन वाढलं. ४ जून १९४० ला चर्चिलने डंकर्कच्या माघारीनंतर कॉमन्स सभागृहात जे भाषण केलं, त्यात लढण्याचा निर्धार शॅलच्याच पुनरुक्तीतून येतो. वॉलिसच्या तक्त्याप्रमाणे प्रथमपुरुषी शॅल म्हणजे नुसती माहिती. आम्ही किनाऱ्यांवर लढू, असं होईल असा अंदाज आहे. जगात कोणी ते तसं ऐकलं नाही. मार्च १९४२ मध्ये फिलिपिन्समधून बाहेर पडलेल्या जनरल मॅकार्थरने ऑस्ट्रेलियातल्या टेरोवी स्टेशनवर परतण्याचं वचन दिलं, तेही शॅल वापरून. वॉशिंग्टनच्या प्रचार खात्याला ‘आय’ खटकलं, ‘वुई’ करा म्हणून विनंती झाली, त्याने मानली नाही. शॅलबद्दल कुणाची तक्रार नव्हती. २० ऑक्टोबर १९४४ ला तो लेटी बेटावर उतरला.

आणि ‘वुई शॅल ओव्हरकम’. हे गीत आधी विल घेऊन गायलं जात होतं. ते शॅल कसं झालं हे सांगताना अमेरिकन गायक पीट सीगर श्रेय स्वतःकडे पूर्णपणे घेत नसत, सेप्टिमा क्लार्क यांचंही नाव घेत. पण कारण त्यांनी गायकाचं दिलं: विलमधला ऱ्हस्व इकार गायला अवघड, शॅलमध्ये तोंड मोकळं उघडतं. व्याकरणकारांनी तीन शतकं घातलेल्या वादात स्वराच्या सोयीने लागलेला हा निकाल मला फार आवडतो. गिरिजाकुमार माथुरांच्या नावावर असलेल्या ‘हम होंगे कामयाब’ या हिंदी रूपात तर दोघांपैकी कोणीच उरलं नाही, आणि महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून ते तरीही जोरात म्हटलं जातं.

शॅलचं खरं राज्य मात्र कायद्यात. तिथे ते तृतीयपुरुषी आणि हुकमाचंच, सिसिनियसच्या तोंडी होतं तसं. अडचण अशी की वकिलांनी ते मिठासारखं सगळ्यात टाकलं. जॉर्ज कूड या इंग्रज कायदेतज्ज्ञाने १८४० च्या दशकातच बजावलं होतं की ज्या व्यक्तीवर कर्तव्य टाकायचं आहे तिच्याच पुढे शॅल घाला, वस्तूंच्या आणि परिस्थितीच्या पुढे नको. कोणी ऐकलं नाही. त्याची किंमत आपल्या संविधानातही दिसते. अनुच्छेद ७४ चा मूळ मजकूर असा होता की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. इथे शॅल मंत्रिमंडळाच्या असण्याला लागलं होतं. सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे असं त्या वाक्यात कुठे म्हटलेलंच नव्हतं. राजेंद्रप्रसादांनी हा प्रश्न सुरुवातीच्या वर्षांतच उपस्थित केला, ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी बंधन असल्याचं मत दिलं, तरी १९६० मध्ये राष्ट्रपतींनी जाहीर भाषणात तो पुन्हा अभ्यासाला सोडला. १९७४ मध्ये शमशेरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंधन आहे असा निर्वाळा दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शॅल राष्ट्रपतींच्याच पुढे नेऊन ठेवलं, आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने फेरविचाराला पाठवण्यासाठी ‘मे’ आणि फेरविचारानंतर मान्य करण्यासाठी पुन्हा शॅल अशी जोडणी केली. राज्यघटनेतला सत्तेचा तोल एका सहायक क्रियापदाची जागा हलवून नेमका झाला.

उलटंही घडलं. लोकसेवा आयोगाचा विचार घेण्याबद्दल अनुच्छेद ३२० मध्ये शॅल आहे. १९५७ मध्ये उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते शॅल सक्तीचं नसल्याचं ठरवलं: विचार घेतला नाही म्हणून कारवाई आपोआप रद्द होत नाही. शब्दावर विसंबू नका, विधिमंडळाचा हेतू आणि परिणाम पाहा, हे त्यामागचं सूत्र. अमेरिकेतही १९९५ च्या एका निकालात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी नोंदवलं की वकील शॅल कधी कधी शुड, विल, इतकंच काय पण मे याही अर्थाने वापरतात. एवढा ढिला शब्द हुकमाला ठेवायचा कशाला, म्हणून काहींनी तो काढूनच टाकला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम घटनेत शॅल सर्वत्र होतं. १९९६ च्या घटनेत कर्तव्यासाठी ‘मस्ट’ आलं. अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून २००७ मध्ये शॅल बहुतांशी गेलं. आपल्याकडे ते अजून पक्कं आहे, आणि त्याचं मराठी रूप म्हणजे निविदेतलं ते ‘राहील’: अमुक करणे कंत्राटदारावर बंधनकारक राहील.

वकिलांनी जे सैल केलं ते इंजिनिअरांनी आवळलं. आंतरराष्ट्रीय मानकांच्या लेखनाचे नियम सांगतात की शॅल म्हणजे अट, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी. इंटरनेटची मानकं ज्या भाषेत लिहितात तिचा कोश म्हणावा असा एक छोटा दस्तऐवज १९९७ मध्ये निघाला, त्यात शॅल आणि मस्ट एकाच ओळीत बसवले आहेत. सॉफ्टवेअर प्रणालीच्या गरजा नोंदवण्याच्या मानकात तर विलचीही जागा ठरवून दिली आहे: ते वस्तुस्थिती किंवा पुढे होणारी गोष्ट सांगायला वापरायचं, त्याने कोणी बांधलं जात नाही. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत गरजांचं कागदपत्र लिहिणाऱ्या मुलाने ‘सिस्टिम विल’ असं लिहिलं की तपासणारा ते परत पाठवतो आणि समासात विचारतो: हे आपल्याला करून द्यायचं आहे, की ते आपोआप होणार आहे? वॉलिसने तृतीयपुरुषासाठी सांगितलेला फरक तो हाच. फक्त ऑक्सफर्डच्या प्रतीत कर्ता माणूस होता.